पैसा मुंबईच्या मंडळाचा, निर्णय डोंगरातल्या वाडीचा

लालबाग-परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत कुठेही चौकशी करा, पोलादपूर, संगमेश्वर, जावळी, पाटण, शाहूवाडी यांपैकी कुठल्या तरी तालुक्यातल्या गावाचं 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' निघतंच. गिरण्यांच्या काळात गावकीच्या एकेका खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. त्याच खोल्यांत या मंडळांची पावतीपुस्तकं सुरू झाली. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, माणसं विरार-बदलापूरपर्यंत पांगली, तरी वर्गणी काही थांबली नाही. त्या पैशातून काय उभं राहिलं हे गावात पाऊल टाकताच दिसतं: कमान, सभामंडप, गाभाऱ्याला ग्रॅनाइट. आणि त्याच गावच्या वरच्या वाडीत एप्रिलमध्ये बायका झऱ्यावर रात्री हंड्यांच्या रांगा लावून बसतात.

माझं मत स्पष्ट आहे. मंडळांकडे पैसा कमी पडत नाही, पण निर्णय चुकीच्या जागी होतो. दादरच्या हॉलमध्ये रविवारी जमलेले चाळीस जण ठरवतात आणि बारा महिने डोंगरात राहणारे ते उद्घाटनाच्या दिवशी ऐकतात. गणपतीला गेलेल्या चाकरमान्याला गाव पाण्याने भरलेलं दिसतं. मे महिन्यात तो टंचाई बघतो खरा, पण तेव्हा गावात दुप्पट माणसं असतात आणि त्यातली निम्मी आपणच असतो. उरलेले दहा महिने गाव कसं असतं हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून वाडी ठरवेल आणि मुंबई फक्त नियम सांभाळेल, अशा निधीची घडी कशी बसवायची ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

पहिल्या सभेत काय ठरवायचं

वाडीत जाण्याआधी मंडळाने स्वतःचे हात बांधून घ्यायचे. समजा वर्षाची जमा ५ लाख आहे. उत्सव, विद्यार्थ्यांचे सत्कार आणि किरकोळ खर्च जाऊन दीड लाख बाजूला काढता येतात. तेवढेच काढा, पण तीन वर्षांसाठी काढा आणि ते वेगळ्या खात्यात ठेवा. एकदाच ५ लाख देऊन हात झटकण्यापेक्षा तीन वर्षं दीड-दीड लाख दिलेले जास्त काम करतात, कारण डोंगरातल्या कामाची परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यानंतर होते.

या दीड लाखाचे लगेच तीन भाग करा: १ लाख कामाला, ३० हजार दुरुस्तीला, २० हजार पाहणी, नकाशा, स्टॅम्प आणि प्रवासाला. शेवटच्या २० हजारांवर सभेत हमखास कुरकुर होते, 'गाडीभाड्याला वर्गणी दिली का?' म्हणून. तरी ते ठेवा. फुकटात केलेली पाहणी गणपतीच्या सुट्टीत उरकली जाते आणि पुढे लाखाचं नुकसान करते.

मग इतिवृत्तात ठराव घ्या. शब्द साधारण असे असावेत: 'वाडीने ठरवलेलं काम चार अटींत बसत असल्यास मंडळ ते बदलणार नाही. नाकारायचं झाल्यास कारण लेखी कळवेल.' चार अटी अशा: जागा वादातली नाही, वाडीतलं एकही घर लाभातून वगळलेलं नाही, दुरुस्ती कोण करणार ते ठरलेलं आहे, काम धोक्याच्या उतारावर नाही. पाचवी अट घालायचा मोह होईल, 'मंडळाच्या नावाची पाटी लावावी' अशी. पाटी हवीच असेल तर तिच्यावर आधी श्रमदान करणाऱ्यांची नावं आणि शेवटच्या ओळीत मंडळ. एवढं मान्य होत नसेल तर कमानच बांधा, निदान दिखाव्याचं काम म्हणून तरी ती प्रामाणिक असते.

कागदपत्रं, थोडक्यात

मंडळ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेलं असेल तर घटनेतले उद्देश एकदा वाचून काढा. पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांपैकी काहीच तिथे नसेल तर आधी घटनादुरुस्ती करावी लागेल. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत बदल अर्ज जायला हवा. कित्येक मंडळांत वारलेले अध्यक्ष अजून कागदावर अध्यक्षच असतात आणि बँक नेमकी तिथे अडवते. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून पैसे गोळा करायचे तर त्याच कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी तीच घेतात, त्यांच्यापैकी कोणालाही विचारा.

ज्याला सगळे 'ऐंशी जी' म्हणतात ती आयकराची सवलत देणगीदाराला २ हजारांवरच्या रोख रकमेवर मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच घ्या. आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पावतीचा मजकूर सीएकडून तपासून घ्या. दुबईतल्या भाच्याने भारतीय नागरिक म्हणून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याचे मोडतात, मग तो सख्खा भाऊ का असेना. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. एवढ्याशा निधीसाठी त्या भानगडीत पडू नका.

गाव म्हणजे नेमकं कोण

सगळी मेख इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. मुंबईत 'गावाने ठरवलं' म्हणतात तेव्हा ठरवलेलं असतं गावकीने, म्हणजे मानकरी, पुढारी आणि दोन-चार निवृत्त शिक्षकांनी. धनगरवाडा डोंगरमाथ्यावर, बौद्धवाडी ओढ्यापलीकडे, कातकऱ्यांची घरं कोणाच्या तरी मालकीच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर. ही घरं देवळातल्या सभेत नसतात आणि असली तरी मागे उभी असतात.

म्हणून सभा देवळात घेऊ नका. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर घ्या, गुरं बांधून आणि जेवणं उरकून झाल्यावर, रात्री आठनंतर. लावणीच्या आणि भातकापणीच्या दिवसांत तर सभेचं नावच काढू नका. बायकांची बैठक वेगळी आणि आधी घ्या. कायद्यानेही ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, मग आपण का टाळावी? त्या बैठकीला मंडळाकडून एखादी बाई गेली तर फरक पडतो. पुरुष गेले की सासऱ्याच्या वयाच्या माणसापुढे सुना बोलत नाहीत.

एकाच बैठकीत काम ठरवू नका. १९८२ साली पाकिस्तानातल्या गिलगिट-चित्रालच्या डोंगरांत आगा खान ग्रामीण सहाय्य कार्यक्रम सुरू झाला. एकेका गावाशी तीन टप्प्यांत बोलायचं, ही त्यांची रीत होती. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना उपयोगी पडेल असं एक काम गावाने सुचवायचं. दुसऱ्यात जाणकारांनी गावकऱ्यांसोबत फिरून ते जमेल का ते पाहायचं. तिसऱ्यात दोन्ही बाजूंच्या अटी ठरायच्या आणि मगच पैसा. हीच रीत सह्याद्रीतही जशीच्या तशी चालते. पहिल्या आणि दुसऱ्या बैठकीत महिनाभराचं अंतर ठेवा, कारण खरं बोलणं त्या मधल्या महिन्यात पाणवठ्यावर होतं.

पहिल्या बैठकीत 'काय हवंय?' असं विचारलंत तर उत्तर येईल 'रस्ता'. रस्ता आपल्या आवाक्यातला नाही. त्याऐवजी एप्रिलमधला एक दिवस पहाटेपासून मांडायला सांगा: कोण किती वाजता उठतं, पाणी कुठून, लाकूड कुठून, दळण कुठे, शाळा किती लांब. ओट्यावर खडूने वाडी काढा, त्यात घरं, झरे आणि वाटा. पुरुषांनी काढलेल्या नकाशात डांबरी रस्ता आणि देऊळ ठळक असतं, बायकांच्या नकाशात पाण्याची वाट. दोन्ही नकाशे शेजारीशेजारी ठेवले की पुढची अर्धी चर्चा आपोआप होते.

समिती वाडीची असावी: सात जण, त्यांत निदान चार बायका, आणि प्रत्येक वस्तीतलं एक माणूस. सरपंच आणि पोलीस पाटलांना बोलवा, मान द्या, पण मतदानात धरू नका. मंडळाचा प्रतिनिधी बसेल आणि ऐकेल, त्यालाही मत नाही. सात जण बाराही महिने वाडीत राहणारे हवेत. 'आमचा बाबू असतो की गावाला' असं सांगितलं तर बाबू पावसाळ्यात कुठे असतो तेही विचारा.

अर्ज एका पानाचा

प्रकल्प अहवाल वगैरे मागू नका. तो तालुक्याला टायपिंगच्या दुकानात बनतो आणि सगळ्या वाड्यांचा सारखाच असतो. पाच प्रश्न पुरेत. त्रास कोणाला आणि वर्षातून किती महिने? जागा कोणाची? वाडी स्वतः काय घालणार: श्रम, दगड, जेवण की पैसे? मोडलं तर कोण दुरुस्त करणार? आणि शेवटचा, माझ्या लेखी सर्वांत कामाचा: कोणी विरोध केला, आणि का? या प्रश्नापुढे 'कोणी नाही' लिहिलं असेल तर समजा की सभा झालीच नाही. लिहिता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवू द्या. मंडळातल्या कॉलेजच्या पोरांनी तो उतरवून घ्यावा आणि समितीला परत वाचून दाखवावा.

पाहणी एप्रिलच्या शेवटी

डोंगरातल्या निम्म्या अर्जांत पाणी असतंच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. भेगाळलेल्या, मुरमाड थरातून पावसाचं पाणी मुरत खाली येतं आणि घट्ट कातळ किंवा लाल गेरूचा थर लागला की आडवं वळून झऱ्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. इतका धो-धो पाऊस पडूनही मार्चमध्ये घशाला कोरड पडते ती याचमुळे: उतार तीव्र, माती पातळ, धरून ठेवणारा थर लहान.

झरा मोजायला इंजिनिअर लागत नाही. १० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. पहाटे, कोणी पाणी भरण्याआधी, झऱ्याच्या तोंडाशी बादली धरा. डिसेंबरात ती ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशन या केंद्राच्या नळपाणी योजनेच्या, दिवसाला माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने जवळपास ३९० माणसांचं पाणी झालं. तोच झरा एप्रिलअखेर चार मिनिटांत बादली भरत असेल तर दिवसाला ३,६०० लिटर, म्हणजे फक्त ६५ माणसांचं. डिसेंबरातला आकडा धरून नळयोजना आखली की ती एप्रिलमध्ये कोरडी पडते आणि दोष वाडीवर येतो. पण त्या ३,६०० लिटरांतलं रात्रीच्या दहा तासांचं १,५०० लिटर वाहून जात असेल, तर झाकणबंद छोटी टाकी बांधून ते अडवता येतं, आणि वाडीला खरी गरज कदाचित तेवढीच असते. दर महिन्याला हे माप घ्यायचं काम समितीतल्या एखाद्या मुलीकडे द्या आणि वहीत तारीखवार लिहून ठेवा. अशी वही पुढे सरकारी दरबारीही कामाला येते.

झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग किंवा जेसीबी लावू नका. पाणी वाढेल या आशेने कातळ फोडला की ते खालच्या भेगेतून दुसरीकडे निघून जातं. झरा वाढवायचा तर वरच्या मुरवण क्षेत्रावर, म्हणजे जिथे पावसाचं पाणी मुरतं त्या जमिनीवर काम करायचं. सिक्कीमने २००८ पासून 'धारा विकास' कार्यक्रमात हेच केलं. फक्त ते मुरवण क्षेत्र बऱ्याचदा दुसऱ्या वाडीच्या किंवा वनखात्याच्या हद्दीत असतं, म्हणून त्या वाडीलाही बैठकीला बोलवा.

पाणी मुरवायचे चर घरांच्या थेट वर, जाड मातीच्या तीव्र उतारावर मात्र खोदू नका. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. जमिनीला नव्या भेगा पडलेल्या, झाडं-खांब कललेले, किंवा पूर्वी नव्हता तिथे गढूळ झरा फुटलेला दिसला तर निधी बाजूला ठेवा आणि ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांना लेखी कळवा. तिथे मंडळाचं काम टाकी बांधणं नाही, पाठपुरावा करणं आहे.

जागेचं प्रकरण आजच मिटवा. सातबाऱ्यावर वीस नावं असतील तर वीसही संमत्या हव्यात आणि त्यांतली काही नक्कीच मुंबईत निघतील. हे एक काम मंडळ वाडीपेक्षा चांगलं करू शकतं. संमतीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करा, १०० चे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले. जागा वनखात्याची असेल तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) वाचा. पाण्याची पाइपलाइन, शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा ठरावीक सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एका हेक्टरपेक्षा कमी जमीन मिळू शकते. पुष्कळ वाड्या 'फॉरेस्टवाले देणार नाहीत' म्हणून अर्जच करत नाहीत.

सरकारी पैशाच्या आड येऊ नका

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, गावाचा विकास आराखडा होतो, जव्हार, मोखाडा, अकोले तालुक्यांसारख्या पेसा भागात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या गावांत, ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा) निधीही असतो. ज्या कामाला तो पैसा मिळू शकतो त्यावर वर्गणी उडवू नका. वर्गणी लागावी ती सरकार ज्याला हात लावत नाही तिथे: मोजणी, संमतीपत्रं, तालुक्याच्या खेपा, मंजूर योजनेतून राहिलेली शेवटची तीन घरं, पहिली दुरुस्ती. वाडीचा ठराव १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडून घ्या. त्या दिवशी मंडळाचे चार जण हजर राहिले तर ग्रामपंचायत अधिकारीही (पूर्वीचा ग्रामसेवक) लिहून घेतो.

एखादी कंपनी सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी खर्चायचे पैसे देऊ करेल. आनंदाने घ्या, पण एक लक्षात ठेवा: त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि झऱ्याची परीक्षा एप्रिलला सुरू होते. मार्चअखेर फोटोसह काम पूर्ण करा म्हणणाऱ्या पैशाला नाही म्हणता यायला हवं.

हप्ते, श्रमदान आणि फळा

पैसा तीन हप्त्यांत द्या. पहिला सामानाला, दुसरा निम्मं काम पाहून, तिसरा एक पावसाळा गेल्यावर. बचत गटाचं खातं वापरायचं असेल तर गटाच्या ठरावाने, दोन सह्यांनी, आणि त्यांतली एक सही वरच्या किंवा पलीकडच्या वस्तीतली. सिमेंट-पाइपसारख्या मोठ्या बिलांचे पैसे समितीच्या सहीनंतर मंडळाने थेट दुकानदाराला दिले तर ऑडिटला सोपं जातं, पण दुकान समितीनेच निवडावं.

हिशेब शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहा: जमा, खर्च, शिल्लक आणि काय आणलं ते. मुंबईच्या ग्रुपवर पीडीएफ टाकणं वेगळं आणि ज्याने पाइप डोक्यावरून वाहिला त्याने रस्त्यात उभं राहून पाइपची किंमत वाचणं वेगळं. या फळ्यापुढे भांडणं होतील. होऊ द्यात, त्यासाठीच तो फळा आहे.

वाडीचा वाटा हवाच. जलजीवन मिशनमध्येही डोंगराळ भागातल्या गावांकडून गावांतर्गत कामाच्या ५ टक्के लोकवाटा धरला होता. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तर गावाने आधी श्रमदान आणि चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळून दाखवायची, मग मोठं काम. पण वाटा सगळ्यांना सारखा लावू नका. ज्या विधवेच्या घरात रोजंदारीवर चूल पेटते तिला चार दिवस फुकट राबवणं हा लोकसहभाग नव्हे. तिला मजुरी द्या, आणि ज्यांची पोरं मुंबईत पगारावर आहेत त्यांच्याकडून दुप्पट घ्या. कोणाला किती हे समितीनेच ठरवावं. तिला घराघराची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते.

सुरुवात छोट्या कामाने करा. भातकापणीनंतर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा दोन-चार दिवसांत होतो, खर्च जवळपास नाही, आणि कोण येतं, कोण नुसतं बोलतं हे तिथेच कळतं.

दुरुस्ती

दुरुस्तीचे ३० हजार सुरुवातीलाच वेगळे काढले ते यासाठी. डोंगरातला काळा पाइप फुटतो तो बहुतेक वेळा वणव्याने. फेब्रुवारीत कोणीतरी गवत पेटवतं आणि अर्धा किलोमीटर पाइप वितळतो. पाइप गाडता येत नसेल तिथे डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंनी जाळरेषा काढायची, म्हणजे गवत कापून पट्टा मोकळा करायचा. या कामाला समितीने दोन माणसं नेमावी आणि त्यांना रोजंदारी द्यावी. पाना, दोन जोडसांधे आणि चार मीटर जादा पाइप कोणाच्या घरी ठेवलाय हे फळ्यावर लिहा. घरटी महिन्याला वीस रुपये पाणीपट्टी का होईना, पण सुरू करा. मंडळाचा दुरुस्ती निधी त्या पट्टीइतकाच, म्हणजे जमेल तेवढ्यावर तेवढीच भर, असा ठेवला तर पट्टी थकत नाही.

काम फसलं तर पुढच्या वर्षी त्या वाडीला यादीतून काढू नका. काय फसलं ते सांगितल्याबद्दल शिक्षा झाली की पुढचा अहवाल खोटाच येणार.

तिसऱ्या वर्षी निधी-वाटपाची बैठकच गावाकडे न्या. सगळ्या वाड्यांच्या समित्यांनी दोन-दोन माणसं पाठवावी, प्रत्येकीने आपला अर्ज मांडावा आणि आपल्याच वाडीला मत द्यायचं नाही एवढा एक नियम ठेवावा. मंडळाने रक्कम सांगायची, चार अटी वाचून दाखवायच्या आणि चहाचा खर्च करायचा. ही बैठक शिमग्याची पालखी घरोघर फिरून झाल्यावर लगेच ठेवा. तेव्हा मुंबईची चार माणसं गावात असतात आणि झऱ्यांची वही नुकतीच कमी आकडे दाखवू लागलेली असते.